सूर्यावरील डाग आणि आपला पाऊस

गेल्या दोन-तीन वर्षांत संघाच्या कित्येक सभासदांनीं आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारिला आहे : सूर्यावरील डाग वाढले म्हणजे पाऊस अधिक पडतो कीं कमी ? प्रश्न केवळ कुतूहलाचा असता तर दोन ओळींत उत्तर देऊन आम्ही मोकळे झालों असतों. परंतु त्याच्या पाठीमागें बियाण्याचा आणि मजुरीचा खर्च उभा आहे, हें आम्ही स्वतःच्या घरांत पाहिलें आहे.

२०२३ च्या मे महिन्यांत आमच्या धाकट्या बंधूंस कोणीं मोबाइलवर एक पत्रक धाडिलें. सूर्यावरील डाग झपाट्यानें वाढत आहेत, सबब यंदा पाऊस भरपूर, असा त्याचा आशय होता. आमची डोंगरकडेची चार एकर जमीन मुरमाड आहे. तींत वडील बाजरी आणि तूर यांखेरीज कांहीं पेरीत नसत. बंधूंनीं त्या पत्रकाच्या भरंवशावर कर्ज काढून तेथें सोयाबीन पेरलें. जुलै बरा गेला. ऑगस्ट मात्र कोरडा गेला. साऱ्या देशाचा हिशेब घेतां १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झालेला नव्हता. ऐन फुलोऱ्यांत पाणी तुटलें, शेंगा पोचट राहिल्या आणि मळणीचा खर्चही निघाला नाहीं.

तें पत्रक आम्हींही वाचलें होतें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी वर्षानुवर्षें आमच्या हातून गेल्या. पैसेवारीचे तक्ते आम्हीं किती लिहिले याची गणती नाहीं. तरीही त्या दिवशीं बंधूंस ‘थांब’ म्हणणें आम्हांस जमलें नाहीं. कारण पत्रकांतील अर्धी गोष्ट खरी होती. सूर्यावरील डाग त्या वर्षीं खरोखरच वाढत होते. उरलेली अर्धी गोष्ट कशी पारखावी हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आमचें शिक्षण मराठी शाळेंतच थांबलें असल्यामुळें पुढें तें हळूहळू वाचून आणि जाणत्यांस विचारून समजून घ्यावें लागलें. तेंच येथें सांगतों.

सूर्याचा जो तेजस्वी पृष्ठभाग आपणांस दिसतो त्याची उष्णता सुमारें ५५०० अंश आहे. डागांच्या ठिकाणीं ती ३५०० ते ४००० अंशांपर्यंत उतरलेली असते. म्हणजे डागही प्रखर तेजस्वीच. परंतु लोहाराच्या भट्टींत पांढऱ्या तापलेल्या लोखंडाशेजारीं तांबूस तापलेला तुकडा जसा काळवंडलेला भासतो, तसा तो भोंवतालच्या मानानें काळा दिसतो. कित्येक डाग आपल्या पृथ्वीहून मोठे असतात. हे डाग म्हणजे चुंबकशक्तीचीं ठाणीं होत, असा शोध जॉर्ज हेल या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९०८ सालीं लावला. सूर्याच्या पोटांतून उष्णता उकळत्या पाकाप्रमाणें खदखदत वर येत असते. जेथें चुंबकशक्ति फार बळावते तेथें ही खदखद अडते, आणि तेवढा भाग थंडावतो.

ही शक्ति ठिकठिकाणीं कां बळावावी ? सूर्य पृथ्वीसारखा घट्ट गोळा नाहीं. त्याचा मधला पट्टा सुमारें २५ दिवसांत एक फेरा पुरा करितो, तर ध्रुवांकडील भागास सुमारें ३५ दिवस लागतात. त्यामुळें आंतील चुंबकरेषांस चऱ्हाटाप्रमाणें पीळ बसत जातो. पीळ अति झाला म्हणजे दोरीवर जशीं वेटोळीं उठतात, तशीं हीं वेटोळीं पृष्ठभाग फोडून वर येतात. जेथून तीं बाहेर पडतात आणि जेथें पुन्हां आंत शिरतात तेथें डागांची जोडी दिसते. कधीं कधीं हीं वेटोळीं एकाएकीं तुटून दुसऱ्या रीतीनें जुळतात. तेव्हां प्रचंड ज्वाला भडकते, आणि सूर्याच्या प्रभामंडलांतील कोट्यवधि टन तप्त द्रव्य अवकाशांत फेंकलें जातें. यासच सौर वादळ म्हणतात.

डाग पाहण्याची हौस असल्यास सूर्याकडे उघड्या डोळ्यांनीं, किंवा दुर्बिणींतून तर मुळींच, पाहूं नये. डोळा कायमचा जाईल. पत्र्याच्या छपरास पडलेल्या बारीक भोंकांतून जमिनीवर जो वाटोळा कवडसा पडतो तें भोंकाचें रूप नसून सूर्याचें प्रतिबिंब होय. म्हणूनच ग्रहणाच्या दिवशीं सारे कवडसे कोरीसारखे होतात. साध्या दुर्बिणीची एक नळी झांकून दुसरीमधून असाच कवडसा पांढऱ्या कागदावर धरिला, तर मोठे डाग स्पष्ट दिसतात. मात्र त्या वेळीं पोरांस जवळ येऊं देऊं नये.

आतां डागांच्या हिशेबाकडे वळूं. जर्मनींतील डेसाऊ गांवचे हाइनरिख श्वाबे हे मूळचे औषधी विकणारे गृहस्थ. बुधाच्याही अलीकडे एखादा ग्रह सूर्यासमोरून जातांना सांपडेल या आशेनें त्यांनीं १८२६ पासून प्रत्येक निरभ्र दिवशीं सूर्यावरील डाग टिपून ठेविले. ग्रह सांपडला नाहीं. परंतु सतरा वर्षांच्या वह्या चाळतां डागांची संख्या ठराविक काळानें चढते आणि उतरते असें त्यांच्या ध्यानांत आलें, व १८४३ सालीं त्यांनीं तें जाहीर केलें. ज्यानें आयुष्य नोंदवह्या भरण्यांत घालविलें त्यास या गोष्टींत किती समाधान वाटतें, हें आमच्या जुन्या खात्यांतील मंडळींस सांगावयास नको. पुढें झूरिखच्या रुडोल्फ वुल्फ यांनीं डाग मोजण्याची रीत बांधून दिली : डागांचा प्रत्येक समूह दहा धरावा आणि त्यांत एकंदर डागांची संख्या मिळवावी. जुने कागद शोधून त्यांनीं १७५५ पासूनच्या चक्रांस अनुक्रमांक दिले. हल्लीं ही नोंद बेल्जमच्या वेधशाळेंत ठेविली जाते. डिसेंबर २०१९ पासून सुरू झालेलें चक्र पंचविसावें होय.

चक्र सरासरीनें अकरा वर्षांचें असतें असें म्हणतात. पण ती सरासरी आहे. एखादें नऊ वर्षांत आटोपतें, एखादें चौदाच्या घरांत जातें. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत तर डाग जवळजवळ दिसेनासेच झाले होते. तेव्हां ‘अकरा वर्षांनीं अमुक होणार’ असें छातीठोक सांगणारा मनुष्य भेटला, तर त्यानें नोंदी पाहिलेल्या नाहींत असें खुशाल समजावें.

मग भाकीत करावयाचें तें कशाच्या आधारें ? चक्र संपतां संपतां डाग नाहींसे होतात, आणि सूर्याच्या दोन्ही ध्रुवांवर चुंबकशक्ति सांठते. हें पुढल्या चक्राचें बियाणें होय. बियाणें जोमदार असेल तर पुढलें चक्र जोरकस आणि निकृष्ट असेल तर दुबळें, असा अनुभव आहे. याच तत्त्वावर कलकत्त्याच्या आयसर संस्थेंतील दोघां शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं सांगितलें होतें कीं, पंचविसावें चक्र २०२४ च्या सुमारास शिगेस पोंचेल आणि मागल्यापेक्षां किंचित् जोरकस असेल. २०१९ सालीं अमेरिकेंत भरलेल्या तज्ज्ञमंडळानें जुलै २०२५ ही वेळ आणि सुमारें ११५ हा आंकडा दिला. प्रत्यक्षांत सरासरी आंकडा ऑक्टोबर २०२४ मध्यें शिगेस पोंचला, आणि तो सुमारें १६० भरला. मागल्या चक्राचा, एप्रिल २०१४ मधील, ११६ होता. वेळ बरीचशी साधली, जोर मात्र कमी धरला गेला. आमच्या मतें हें कांहीं अपयश नव्हे. नजर-अंदाज आणि प्रत्यक्ष वजन यांत इतकें अंतर आपण खळ्यावरही पाहतों.

जवळच्या पल्ल्याचें भाकीत सूर्याच्या फिरण्यावरून करितात. पूर्व कडेवर दिसूं लागलेला डाग सुमारें सात दिवसांत आपल्या समोर येतो आणि आणखी तितक्याच दिवसांत पश्चिम कडेआड जातो. टिकून राहिला तर सुमारें २७ दिवसांनीं पुन्हां समोर. डागांची ठेवण गुंतागुंतीची असेल तर ज्वाला भडकण्याचा संभव अधिक. पण नक्की कोणत्या घटकेस भडकेल हें अद्याप कोणासही सांगतां येत नाहीं. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत येऊन थडकतो, म्हणजे तिची वर्दी आणि ती स्वतः एकदमच येतात. फेंकलेलें द्रव्य यावयास मात्र एक ते तीन दिवस लागतात, आणि तेवढीच सवड मिळते. तें द्रव्य आपल्याबरोबर जी चुंबकशक्ति आणतें तिचा रोख दक्षिणेकडे असला तर पृथ्वीच्या चुंबकशक्तीशीं तिची गांठ पडून वादळ माजतें. उत्तरेकडे असला तर पुष्कळदां नुसतेंच निघून जातें. हा रोख तें द्रव्य पृथ्वीपासून सुमारें १५ लाख किलोमीटरांवर आल्यावरच मोजतां येतो. तेथें ठेविलेल्या यानांमध्यें आपलें ‘आदित्य-एल१’ आहे. तें २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालें आणि ६ जानेवारी २०२४ रोजीं जागेवर पोंचलें. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेनें सिद्ध केली आहे. तेथून मिळणारी सूचना पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंतची असते.

येथवर सारें ठीक. आतां पाऊस.

डागांचा आणि धान्याचा संबंध जोडण्याची कल्पना फार जुनी आहे. १८०१ सालीं विल्यम हर्शेल या थोर ज्योतिषवेत्त्यानें इंग्लंडांतील गव्हाचे जुने भाव पाहून असें मत मांडलें कीं, डाग कमी असतात तेव्हां गहूं महाग होतो. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाच्या वेळीं आपल्या देशांतही हा विषय निघाला. सरकारचे आंकडेशास्त्री विल्यम हंटर यांनीं १८७७ सालीं मद्रासच्या पावसाचे आंकडे घेऊन डाग कमी तेव्हां पाऊसही कमी असा सिद्धान्त मांडला, आणि ज्योतिषी नॉर्मन लॉक्यर यांनीं त्यास पाठिंबा दिला. दुष्काळ अगोदर कळला तर लाखों जीव वांचतील, ही त्यामागील तळमळ खरी होती. १८९९ सालीं कोडाईकनाल येथें सूर्याची वेधशाळा स्थापन झाली, तिच्यामागेंही हीच आशा होती. तेथें १९०४ पासून सूर्याचीं छायाचित्रें नियमानें घेतलीं जात आहेत. तो संग्रह जगांत मोलाचा मानला जातो. सूर्यासंबंधीं त्यांतून पुष्कळ कळलें, पावसाचें कोडें मात्र सुटलें नाहीं. १९०४ ते १९२४ पर्यंत हवामानखात्याचे मुख्य असलेले गिल्बर्ट वॉकर यांनीं देशोदेशींच्या पावसाचे आंकडे डागांशीं ताडून पाहिले, आणि त्यांत भरंवसा ठेवण्याजोगा संबंध त्यांस आढळला नाहीं.

कोणाचेंही ऐकूं नये, स्वतः ताडून पाहावें, या जुन्या खोडीस अनुसरून आम्हीं दोन रकाने आंखले. एकांत देशांतील मोठ्या अवर्षणांचीं सालें लिहिलीं, दुसऱ्यांत त्या वेळीं डागांचें चक्र कोठें होतें तें. १८७७ : डाग अगदीं कमी. १८९९ : उतरतीस लागलेले. येथपर्यंत हंटरसाहेबांची बाजू बळकट दिसते. परंतु १९१८ चें अवर्षण आलें तें डाग शिगेस पोंचल्यानंतर अवघ्या वर्षानें. ज्याची आठवण अजून म्हातारी माणसें सांगतात तो १९७२ चा दुष्काळ शीग आणि तळ यांच्या अधेंमधें. १९८७ : तळापासून नुकतेच वर येऊं लागलेले. २००२ : शिगेच्या लगत. २००९ : तळाशीं. २०१५ : शिगेनंतर वर्षानें. चक्राची एकही बाजू अवर्षणावांचून सुटलेली नाहीं.

उलट बाजूही पाहावी. १९१७ सालीं डाग शिगेस होते आणि पाऊस अतिशय झाला. दुसऱ्याच वर्षीं, डाग फारसे उतरले नसतां, अवर्षण. २००९ आणि २०१९ या दोन्ही सालीं सूर्य जवळजवळ निष्कलंक होता. पहिल्या सालीं देशांत सरासरीच्या ७८ टक्के पाऊस पडला आणि दुसऱ्या सालीं ११० टक्के. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडले तेव्हां आमचें तरी समाधान झालें.

कारणही उघड आहे. डाग अगदीं कमी असतात तेव्हांची आणि पुष्कळ असतात तेव्हांची सूर्याची एकंदर उष्णता यांत फरक पडतो तो हजारांत एक इतकाच. पावसाचें मान प्रशांत महासागराच्या पाण्याची ऊब, हिंदी महासागराची स्थिति, वाऱ्यांची दिशा यांवर अधिक अवलंबून असतें. वर दिलेल्या अवर्षणांच्या साऱ्या वर्षीं प्रशांत महासागरांत ‘एल निनो’ होता, आणि २०२३ सालींही तो होताच. अर्थात् तोही अचूक दाखला नव्हे. १९९७ सालीं जबर एल निनो असूनही आपला पाऊस सरासरीस उतरला. सूर्याच्या अकरा वर्षांच्या फेऱ्याचा हवेवर मुळींच परिणाम नाहीं असें शास्त्रज्ञ म्हणत नाहींत, सूक्ष्म परिणामांचा शोध चालूच आहे. परंतु त्यावरून अमक्या तालुक्यांत अमक्या सालीं काय पेरावें हें सांगणारा मनुष्य शास्त्र सांगत नसून दुसरेंच कांहीं विकीत असतो.

याच जोडीचा आणखी एक प्रश्न आम्हांस आला होता : डाग वाढले कीं सौर कृषिपंप अधिक पाणी ओढील काय ? नाहीं. हजारांत एकाचा फरक पंपास कळणारही नाहीं. तक्त्यांवरची धूळ आठवड्यास पुसली तर त्याहून कितीतरी अधिक लाभ होईल.

मग शेतकऱ्यानें सूर्याच्या भाकितांकडे पाहूंच नये काय ? पाहावें, पण पावसासाठीं नव्हे. त्याचें कारण समजण्यास १८५९ सालच्या मुंबईकडे गेलें पाहिजे. त्या सालीं १ सप्टेंबर रोजीं रिचर्ड कॅरिंग्टन हे इंग्लंडांत सूर्याचे डाग चितारीत असतां एका समूहावर डोळे दिपविणारा प्रकाश त्यांनीं पाहिला. सुमारें सतरा-अठरा तासांनीं पृथ्वीवर असें चुंबकीय वादळ उठलें कीं, युरोप-अमेरिकेंतील तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या वेळीं मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत चुंबकमापनाचें काम नियमानें चालत असे. तेथें चुंबकशक्तींत सुमारें १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. एरवीं दिवसभराचा चढउतार कांहीं थोड्या दशकांचाच असतो. त्या वादळाच्या बळाचा अंदाज करितांना आजचे शास्त्रज्ञ कुलाब्याच्या त्याच नोंदवहीचा आधार घेतात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत, १९०४ सालीं, हें काम अलिबागेस हलविलें, आणि तेथें तें अजून चालू आहे.

१८५९ सालीं शेतकऱ्याचें या वादळानें कांहींच बिघडलें नाहीं, कारण त्याचा नांगर तारयंत्रावर चालत नव्हता. १० मे २०२४ रोजीं मात्र तशी स्थिति राहिली नव्हती. त्या रात्रीं २००३ नंतरचें सर्वांत मोठें सौर वादळ आलें. लडाखांत हानले येथून आकाश तांबूस झालेलें दिसलें. अमेरिकेच्या मक्याच्या मुलुखांत तेव्हां ऐन पेरणी चालू होती. तिकडील ट्रॅक्टर उपग्रहांच्या संकेतांवरून आपोआप सरळ तास धरितात. संकेत विस्कळित होतांच तास वांकडे जाऊं लागले, आणि कित्येकांस पेरणी थांबवावी लागली.

आपल्याकडे असे ट्रॅक्टर थोडे आहेत. परंतु फवारणीचे ड्रोन आले आहेत, आणि जमिनीची मोजणी आतां सांखळीऐवजीं उपग्रहांच्या आधारानें चालणाऱ्या रोव्हर यंत्रानें होऊं लागली आहे. आकाशांत उंचावर आयनांबर म्हणून विद्युद्भारित थर आहे. उपग्रहाचा संकेत त्यांतूनच खालीं येतो. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातें, आणि त्याच्या उत्तरेस या थराचा एक विशेष दाट पट्टा मध्य भारताच्या आसपास असतो. डाग पुष्कळ असतात त्या वर्षांत हा पट्टा अधिकच दाटतो. आणि सूर्यास्तानंतरच्या कांहीं तासांत, विशेषतः मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, त्यांत खळबळ माजून संकेत थरथरूं लागतो. म्हणून सायंकाळ उलटल्यावर रोव्हरवर किंवा ड्रोनवर विसंबूं नये. मोजणीदारानें यंत्र ‘फिक्स’ दाखवीपर्यंत थांबावें, आणि खातेदारानेंही त्यास घाई करूं नये. बांधावरची जुनी हद्दनिशाणी आणि नवें माप यांत अंतर दिसलें तर भांडणास उभें राहण्यापूर्वीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोच बिंदु पुन्हां मोजावयास सांगावें. हद्दीच्या तंट्यांचीं किती प्रकरणें केवळ उतावीळपणानें वाढतात, हें आम्हीं आयुष्यभर पाहिलें आहे. सौर वादळांची सूचना जी-१ पासून जी-५ पर्यंतच्या पायरीनें देतात. जी-४ किंवा जी-५ अशी सूचना असेल त्या दिवशीं मोजणीही ठेवूं नये आणि ड्रोनही उडवूं नये.

चक्राची शीग २०२४ मध्यें होऊन गेली म्हणून हा प्रश्न मिटला असें मात्र नाहीं. मागें २००१ च्या अखेरीस शीग झाली होती, आणि थोर वादळें आलीं तीं २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, उतरतीच्या काळांत. येणारा तळ २०३० च्या सुमारास अपेक्षित आहे. त्या वर्षीं ‘डाग नाहींसे झाले, आतां दुष्काळ’ अशीं पत्रकें मोबाइलवर येतील याविषयीं आम्हांस मुळींच शंका नाहीं. त्या वेळीं वरील दोन रकाने वाचकांनीं काढून पाहावे.

आमच्या बंधूंनीं डोंगरकडेच्या चार एकरांत पुन्हां बाजरी आणि तूर धरिली आहे. सोयाबीनच्या कर्जाचे दोन हप्ते अजून फिटावयाचे आहेत.